फॉरमॅट मारण्याआधी

लॅपटॉप हळू चालायला लागला की माणूस आधी सहन करतो. बटण दाबून चहाचं आधण ठेवायला जातो, परत येतो, तरी पडद्यावर ते गोल फिरतच असतं. एक फाइल उघडेपर्यंत वर्तमानपत्राचं पान वाचून होतं. मग दोन कामं एकदम करायची नाहीत, असा आपणच नियम घालून घेतो. हे सगळं इतक्या सावकाश अंगवळणी पडतं की मुळात हे यंत्र वेगाने चालायचं, याचाच विसर पडतो.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. ऑगस्ट उजाडला की दिवाळी अंकांची पानं येऊ लागतात आणि गणपतीनंतर तर रात्रीचे दोन वाजतात. दुसरं काही नाही तरी लॅपटॉप त्या दिवसांत धड चालायला हवा. नेमका तेव्हाच माझा रुसला. पीडीएफमधलं पान पुढे सरकवलं की अर्धं पान दिसायचं, अर्धं पांढरं राहायचं. टाइप केलेली अक्षरं थांबून थांबून, एकदम पाच-सहा अशी उमटायची. 'पाणिनी'तला णि ऱ्हस्व पडलाय की दीर्घ, हे बघायला दहा सेकंद थांबावं लागलं की डोळ्यांची आणि डोक्याची लय तुटते. या कामात लय तुटली की चुका निसटतात.

मदत मागायची तर आपल्याकडे माणसं कमी नसतात. कॉलेजात जाणारा भाचा असतो, सोसायटीत कुणीतरी आयटीत असतं, कोपऱ्यावर मोबाइल रिपेअरिंगचं दुकान असतं. सगळ्यांचं औषध एकच: "फॉरमॅट मार. पळायला लागेल." म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाक. सांगणारे मनापासून सांगतात, आणि पुष्कळदा लॅपटॉप खरंच पळतो, निदान काही आठवडे. पण या सल्ल्यावर माझा राग आहे. बिघाड काय आहे हे न बघता दिलेला हा सल्ला आहे. आणि जे पुसलं जातं त्याचा हिशेब सांगणाऱ्याला द्यावा लागत नाही.

पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीपासून जवळच, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, खोलीच. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर उघडे पडलेले लॅपटॉप, छोट्या डब्यांत स्क्रू, सोल्डरिंगचा वास. चालवणारे दादा पस्तिशीचे असतील. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि "खूप स्लो झालाय" म्हणाले.

"स्लो म्हणजे काय होतं ताई? चालू व्हायला वेळ लागतो, की चालू झाल्यावर हँग होतो?"

"दोन्ही."

"माउसचा बाण हलतो का तेव्हा? की बाणही अडकतो? पंखा जोरात फिरतो का? केव्हापासून होतंय? मध्ये कुठे पडला होता का? नवीन काही टाकलं होतं?"

बाण हलत होता. पंख्याचा आवाज नेहमीसारखाच होता. पडला नव्हता. गेल्या उन्हाळ्यापासून वाढत गेलं होतं. त्यांनी यातलं काही लिहून घेतलं नाही, पण प्रत्येक उत्तराबरोबर त्यांचा पुढचा प्रश्न बदलत होता. मग एक स्टूल ओढून म्हणाले, "बसा इथे. ठेवून जायची गरज नाही, बघू तर काय आहे." आणि लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवला.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. वर्षानुवर्षं या यंत्रावर काम करूनही मी त्यात कधी डोकावले नव्हते. त्यात तीन रकाने महत्त्वाचे: प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क. प्रोसेसर आठ-दहा टक्क्यांवर होता, मेमरी साठच्या आसपास, आणि डिस्कचा रकाना गडद रंगात शंभरावर चिकटलेला. मी काहीही उघडलेलं नसताना.

"प्रोसेसर नुसता बसून आहे बघा. डिस्क हंड्रेड पर्सेंट मारतेय. त्याला काम द्यायचं तर आधी डिस्कने माल आणून दिला पाहिजे ना."

माझ्या लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क होती. ग्रामोफोनसारखी तबकडी आणि तिच्यावरून सरकणारी सुई, फक्त सुई तबकडीला टेकत नाही. लॅपटॉपमधल्या अशा बहुतेक डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, त्याआधी सुईला त्या पट्ट्यावर सरकावं लागतं. सगळं धरून विखुरलेल्या माहितीच्या एकेका तुकड्यामागे पंधरा-वीस हजारांश सेकंद. ऐकायला नगण्य वाटतं, पण याचा अर्थ सेकंदाला शंभरसुद्धा तुकडे वाचून होत नाहीत. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. त्यातच अँटिव्हायरस तपासणी करत असतो, विंडोजचा शोधविभाग फाइलींची सूची बनवत असतो, अपडेट उतरत असतं. सगळे एकाच सुईच्या रांगेत. एसएसडी या नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसल्यामुळे तेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने होतं. म्हणून अशा जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम, म्हणजे मेमरी, दुप्पट करून जेवढा फरक पडत नाही, तेवढा डिस्क बदलून पडतो. दादांनी हे सगळं बोटाने हवेत वर्तुळं काढून सांगितलं. मला ते शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या तासापेक्षा चांगलं समजलं.

मग त्यांनी त्याच खिडकीत खाली एक ओळ दाखवली. अप टाइम, म्हणजे यंत्र किती काळ अखंड सुरू आहे. दिवसांचा आकडा दोन अंकी होता. मी रोज रात्री न चुकता शटडाउन करते. तेव्हा समजलं की विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. दुसऱ्या दिवशी लवकर सुरू व्हावं म्हणून तो जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी परत उचलला जातो. फास्ट स्टार्टअप नावाची ही सोय आहे. खरंखुरं नव्याने सुरू व्हायचं तर रीस्टार्ट करायचं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट केलं तरी कित्येक बारीकसारीक दुखणी जातात, आणि याला एक पैसा लागत नाही. हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

पण रीस्टार्टने माझं दुखणं जाणारं नव्हतं. दादांनी पेन ड्राइव्हवरून एक छोटा प्रोग्राम चालवला. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते: किती तास चालली, किती जागा खराब झाल्या, खराब जागांऐवजी राखीव जागा किती वापरल्या, किती ठिकाणी वाचन अडखळतंय. पडद्यावर निळी पट्टी असायला हवी तिथे पिवळी होती. दादांचा हात कीबोर्डवरून बाजूला झाला.

"आता यात दुसरं काही करायचं नाही. आधी डेटा काढून घेऊ. बाकी सगळं नंतर."

फॉरमॅटचा सल्ला मी ऐकला असता तर काय झालं असतं, ते तेव्हा लक्षात आलं. मरायला टेकलेल्या डिस्कवर नवी विंडोज चढवली असती. आधीचं पुसलं गेलं असतं, खराब जागा तशाच राहिल्या असत्या, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. आणि मधल्या काळात मी समजले असते की दुरुस्ती झाली. दुखण्याचं चिन्ह पुसून दुखणं आत ठेवणारी ही मदत, म्हणून माझा त्या सल्ल्यावर राग आहे.

डेटा काढायला सुरुवात करण्याआधी त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नासाठी मी त्यांना कायम मानेन.

"ताई, मराठीत कशात टाइप करता? युनिकोड, की श्री-लिपी वगैरे आहे?"

मराठी छपाईच्या कामात नसलेल्यांना या प्रश्नाची किंमत कळायला थोडं मागे जावं लागेल. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. ती सर्रास वापरात येण्याआधी, आणि त्यानंतरही छपाईत पुष्कळ काळ, मराठी मजकूर वेगळ्याच तऱ्हेने साठवला गेला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी असो की सी-डॅकचं आयएसएम, त्या काळातल्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीची आणि चिन्हांची असतात. त्यांच्यावर मराठी अक्षराचा आकार चढवलेला असतो. फॉन्ट असेल तर पान वाचता येतं. फॉन्ट नसेल तर तीच फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं यांचा खच दिसतो. मजकूर कुठे गेलेला नसतो, पण वाचणारं कुणी उरत नाही.

डेटा काढताना माणसं डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप एवढंच उचलतात. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये बसलेले असतात, ते कुणाच्या ध्यानात येत नाहीत, आणि फॉरमॅटमध्ये जातात. वीस-वीस वर्षांचे अंक, स्मरणिका, गावांचे इतिहास, कुणाच्या आजोबांच्या आठवणी असे मुके झालेले मी पाहिले आहेत. छापील प्रत असेल तर पुन्हा टाइप करायचं, नसेल तर संपलं. जुन्या श्री-लिपीला यूएसबीत लावायचं डोंगल, म्हणजे प्रोग्रामची किल्लीच, तेही असायचं. ते एखाद्या ड्रॉवरमध्ये पडून राहतं आणि कसलं आहे ते न कळून एक दिवस कचऱ्यात जातं.

माझ्याकडे पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्राममधली पंधरा वर्षांची पानं होती. दादांनी फॉन्टचा फोल्डर आधी उचलला. मग एक जुनी फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर, ते फॉन्ट टाकून, उघडून दाखवली. "वाचून बघा. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर येतंय ना?" मी वाचलं. रफार जागेवर होते. त्यानंतरच त्यांनी पुढचं काम हाती घेतलं. असा प्रश्न विचारायला तो माणूस कधीतरी कुणाच्या तरी गेलेल्या मजकुरासमोर हळहळत उभा राहिलेला असणार, असं मला वाटतं.

बाकीचं काम भराभर झालं. मागचं झाकण उघडलं तर पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाची जाळी यांच्यामध्ये धुळीचा घट्ट थर बसला होता. तो ब्लोअरने काढला, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोचला की स्वतःला वाचवायला आपणच गती कमी करतो. माझा अजून तिथवर गेला नव्हता, पण पुढच्या मे महिन्यात गेला असता. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसली. माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह आहे. तो काढून त्या जागी कॅडी नावाच्या चौकटीत जुनी डिस्क बसवून देतात, म्हणजे साठवायला जास्त जागा मिळते. मी विचारलं तर दादांनी नको सांगितलं. पिवळी पट्टी आलेल्या डिस्कवर काही ठेवायचं नाही. ती त्यांनी माझ्या हातात दिली. जुना भाग आपला असतो, तो मागून घ्यायचा, आणि डिस्क असेल तर हमखास घ्यायची. तिच्यावर आपलं सगळं असतं.

या सगळ्या वेळात मी त्या स्टुलावर होते. बायकांना लॅपटॉप किंवा फोन दुकानात ठेवून येताना पोटात जो गोळा येतो, तो बायकांनाच माहीत. आत घरचे फोटो असतात, बँकेचे कागद असतात, पासवर्ड लिहून द्यावा लागतो. समोर बसवणाऱ्या दुकानात तो प्रश्नच उरत नाही. पार्ट बदलला की नाही याची शंका राहत नाही. काम उद्यावर गेलंच, तर काय उरलंय ते ठाऊक असतं. गर्दीच्या दुकानांना हे प्रत्येकासाठी जमणार नाही हे मला कळतं. पण निदान पहिली तपासणी तरी गिऱ्हाइकासमोर व्हावी.

पुण्यात या टेबलांची परंपरा जुनी आहे. अँटिव्हायरस बनवणाऱ्या क्विक हीलचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, तिथून संगणकांच्या देखभालीकडे वळले. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने आजारी असायचे, म्हणून त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्राम लिहायला घेतले. त्यातून पुढे मोठी कंपनी उभी राहिली. समोर आलेल्या यंत्रांत पुन्हा पुन्हा काय दिसतंय याकडे कुणीतरी नीट लक्ष दिलं, ही त्या गोष्टीतली मला भावणारी बाजू. दुरुस्ती करणाऱ्याला हलकं समजायची आपल्याकडे सवय आहे, ती जायला हवी.

दाखवून सांगणाऱ्याचं मी एवढं कौतुक करते आहे, पण दाखवून लुबाडणारेही असतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपवर एकदा अचानक पूर्ण पडदाभर लाल सूचना आली, मोठ्याने आवाज सुरू झाला, 'तुमचा संगणक बंद करू नका, या नंबरवर फोन करा.' काकूंनी फोन केला. पलीकडच्या माणसाने अदबीने बोलत त्यांच्याकडून एक ॲप उतरवून घेतलं आणि लॅपटॉपचा ताबा मिळवला. मग विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी दाखवली. "बघा, किती व्हायरस!" सुदैवाने त्याच वेळी काकूंची सून घरी आली आणि तिने वायफाय बंद केलं.

ती यादी ठणठणीत यंत्रावरही तशीच असते. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद पडते. दुकानातले दादाही मला पडदाच दाखवत होते आणि हा ठगही पडदाच दाखवत होता. पण दादा दाखवून झाल्यावर "कळलं का?" विचारत होते आणि ठगाला काकूंना काही कळायलाच नको होतं. घाई करणारा, घाबरवणारा आणि 'कुणाला सांगू नका' म्हणणारा माणूस मदतीला आलेला नसतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. अशी सूचना आली तर एस्केप बटण थोडा वेळ दाबून धरायचं, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा, तेही जमलं नाही तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरायचं. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० वर फोन करायचा. जितका लवकर, तितकी ते पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. हे ठग परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांनाही असंच गाठतात आणि त्यांतले कित्येक फोन भारतातून जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून देशभर छापे घातले, ते याच धंद्यावर. काकूंना त्यानंतर कितीतरी दिवस लॅपटॉप उघडायची भीती वाटत होती. रागावून कुणी 'एवढंही कळत नाही का' म्हणू नये, कारण ते ऐकावं लागेल या धास्तीनेच माणसं घरच्यांना सोडून अनोळखी नंबरवर मदत मागतात.

माझा लॅपटॉप आता बरा आहे. पण त्याच्यापुढे वेगळीच अडचण आली आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंपनीने आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळवायची सोय ठेवली, एवढंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा सहाव्या पिढीचा. म्हणजे यंत्र धडधाकट, एसएसडीमुळे पूर्वीपेक्षा चपळ, आणि तरीही बाद. मला हे पटत नाही. लिनक्स टाकता येतं, त्यात मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही उत्तम चालतो, आणि पत्रव्यवहार, इंटरनेट, लेखन एवढंच करणाऱ्यांना मी तेच सुचवते. पण ज्यांची जुनी कामं श्री-लिपीत आणि पेजमेकरमध्ये अडकली आहेत, त्यांची सोडवणूक त्याने होत नाही. त्यांनी ती आधी युनिकोडमध्ये आणून ठेवायला हवीत. मी माझ्या जुन्या पानांचं हे काम सुरू केलं आहे. परिवर्तकातून काढलेल्या प्रत्येक पानात जोडाक्षरांच्या चुका राहतात, त्या हाताने काढाव्या लागतात.

नव्या लॅपटॉपवाल्यांनाही एक सांगायचं आहे. विंडोज ११ च्या अलीकडच्या यंत्रांत डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद झालेली असते. मदरबोर्ड बदलला किंवा आतल्या काही सेटिंग बदलल्या की यंत्र ४८ अंकी किल्ली मागतं. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. दुरुस्तीला देण्याआधी ती शोधून कागदावर लिहून घरी ठेवावी. किल्ली नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं मिळत नाही.

गेल्या आठवड्यात एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांचा फोन आला. त्यांची सगळी ग्रंथसूची एका जुन्या लॅपटॉपवर आहे, तो चालता चालत नाही, आणि कुणीतरी फॉरमॅट मारायला सांगितलंय. मी त्यांना टास्क मॅनेजर उघडायला लावला आणि आकडे वाचून दाखवा म्हटलं.

"डिस्क बारा टक्के. मेमरी शहाण्णव."

म्हणजे त्यांचं दुखणं वेगळं होतं. रॅम फक्त चार जीबी, आणि सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत दोन वेगवेगळे अँटिव्हायरस, दोन्ही एकाच वेळी जागे.

"यातला एक काढून टाकू का, ताई?"

"काढा, पण आधी सूचीच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. सूची कुठल्या फॉन्टमध्ये आहे?"

"श्री-लिपीच. पूर्वीच्या बाईंनी केलेली."

"मग फॉन्टही घ्या, आणि दुसऱ्या एखाद्या संगणकावर फाइल उघडून वाचून बघा. रॅमची आणखी एक पट्टी बसते का ते बघायला जवळपास कुणी आहे?"

"एसटी स्टँडसमोर एक मुलगा आहे. पण तो ठेवून जा म्हणतो."

"त्याला विचारा, बसू का म्हणून."

ते जरा थांबले. मग म्हणाले, "गुरुवारी वाचनालय बंद असतं. गुरुवारी नेतो आणि बसतो."